रेडिएटरमधलं पाणी

मुराद : थांबा, बोलू नका. पुन्हा येऊ दे... हां! ऐकलंत?

हेश्मत : उस्ताद, मी हे दोन महिने ऐकतोय. तुम्ही आज ऐकताय.

मुराद : आधी खदखद, मग डब्यात खडे घालून कोणी हलवावा तसं, आणि शेवटी धाड! बॉयलर कसला, लग्नाची वरात शिरलीय तुमच्या स्वयंपाकघरात.

हेश्मत : वरातीत निदान जेवायला मिळतं. या भिंतीपलीकडे माझी झोपायची खोली आहे. सकाळी सातला मिनिबस काढायची असते. परवा असदाबादच्या घाटात, ऐन वळणावर, माझा डोळा लागला. मागची बाई किंचाळली म्हणून जागा झालो. चौदा माणसं होती गाडीत.

मुराद : या अल्ला. या बर्फात?

हेश्मत : या बर्फात. आज खाडा करून घरी बसलोय. आजच्या आज हे बंद झालं पाहिजे. नाही झालं, तर उद्या घराला कुलूप लावतो. मी डेपोतल्या खाटेवर झोपेन आणि आईंना नोसरत करजला, त्याच्या घरी नेईल. उद्या सकाळी येतोय तो.

मुराद : नोसरत म्हणजे तुमचे मेहुणे?

हेश्मत : मनिजेचा धाकटा भाऊ.

तूबा : चहा घ्या, उस्ताद. खडीसाखर हवी की साधी?

मुराद : साधी चालेल, तूबाखानम. दातांत धरली की झालं. हात का असे झालेत आजी? सालपटं निघालीत.

तूबा : थंडी. हमदानच्या थंडीत दगड फुटतात, माझ्या हातांचं काय घेऊन बसलात.

मुराद : करजला थंडी कमी. जाताय म्हणे लेकाकडे?

तूबा : पेटी उचलून ठेवाल तिथे राहते. तिला कोण विचारतं?

हेश्मत : आई, असं बोलू नका. तुमच्यावर जबरदस्ती नाही.

तूबा : मी कुठे म्हटलं जबरदस्ती? चौथ्या मजल्यावर राहतो नोसरत. लिफ्ट आहे म्हणाला. कधीकधी चालते म्हणाला.

मुराद : बरं, हा काटा बघा. शून्याला टेकलाय. पाणी कमी पडलंय आत. शेवटचं पाणी कधी भरलंत?

हेश्मत : काल संध्याकाळी.

मुराद : काल? आणि त्याच्या आधी?

हेश्मत : परवा. रोजच भरतो. खालची तोटी सोडायची, काटा दीडवर आला की बंद करायची.

मुराद : रोज! हे कोणी शिकवलं तुम्हाला?

हेश्मत : तुम्हीच. काटा उतरला की भरा, म्हणालात.

मुराद : अहो, वर्षातून एकदा उतरेल तेव्हा! हेश्मतआगा, तुम्ही गाडीवाले ना? गाडीच्या रेडिएटरमध्ये रोज सकाळी पाणी ओतावं लागलं तर काय समजता?

हेश्मत : गळतंय समजतो.

मुराद : मग इथे काय वेगळं आहे? तेच पाणी तापतं, भिंतीवरच्या रेडिएटरांतून फिरतं, परत येतं. जुनं पाणी बॉयलरला मानवतं. नव्या पाण्यात चुना असतो. आपल्या पाण्याने किटलीच्या बुडाला काय बसतं, ठाऊक आहे ना? तेच याच्या आत बसलंय, रोज थोडं थोडं. त्या थराखाली पाणी अडकतं, उकळतं, फुटतं. तो तुमचा आवाज. बॉयलरचा दोष नाही. तुम्ही रोज त्याला चुना पाजलात.

हेश्मत : पण पाणी जातं कुठे? सगळे सांधे पाहिले मी. खाली वझिरींच्या घरी जाऊन त्यांचं छत हात लावून पाहिलं. कोरडं ठणठणीत. त्यांची बायको म्हणाली, तुमच्या बॉयलरने आमचं बाळ उठतं.

मुराद : पाणी हवेत उडत नाही. चला, एकेक रेडिएटर बघू. बैठकीचा... कोरडा. तुमच्या खोलीतला... हाही ठीक. आता आजींची खोली.

तूबा : माझ्या खोलीत काही नाही, उस्ताद. बांधाबांध चाललीय, पाय ठेवायला जागा नाही. तुमचा चहा निवतोय.

मुराद : आजी, दोन मिनिटं. गालिच्यावर बूट नाही आणणार, काढूनच येतो.

हेश्मत : आई, बघू द्या त्यांना.

तूबा : मग बघा.

मुराद : हेश्मतआगा, इकडे या. इथे हात लावा. गालिच्याचा कोपरा.

हेश्मत : ओला आहे.

मुराद : आणि हा वरचा स्क्रू. हवा काढायचा. हा वर्षातून एकदा फिरवतात, यावर गंज असायला हवा. हा बघा कसा चकचकतोय. रोज कोणीतरी फिरवतंय. तुमची हवा काढायची किल्ली कुठंय?

हेश्मत : खणात असते, मनिजेच्या सुयांच्या डब्यात.

तूबा : खणात नाही. ही घ्या. माझ्या खिशात होती.

हेश्मत : तुमच्या खिशात? आई, तुम्ही काढता पाणी यातून?

तूबा : थोडंच. एक झारीभर.

हेश्मत : एक झारी! दोन महिने मी झोपलो नाही, वझिरींशी भांडलो, मालकाच्या शिव्या खाल्ल्या, गाडी दरीत घालत होतो... आणि तुम्ही या खोलीत बसून पाणी काढत होतात? कशाला?

तूबा : ओरडू नका. परका माणूस आहे घरात.

मुराद : मी परका नाही आजी, पण मलाही कळत नाहीये. पाण्याला घरात नळ आहेत की.

तूबा : पहाटेच्या नमाजाआधी वजू करायला. गार पाण्याने बोटं आखडतात माझी, मग तासभर उघडत नाहीत. कोमट पाणी लागतं.

मुराद : मग गरम पाण्याचा नळ सोडायचा!

तूबा : नळ सोडला की बॉयलर भडकतो. भप्प करून. त्या भिंतीला यांचं डोकं असतं.

मुराद : किटली ठेवायची.

तूबा : दोन वर्षांपूर्वी किटली पडली हातातून, पाय भाजला. मनिजेने शपथ घातली, आई, मी घरात नसताना शेगडी पेटवायची नाही. आता ती घरात नाही.

हेश्मत : मला उठवायचं.

तूबा : तुम्हाला?

हेश्मत : हो, मला. मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

तूबा : हेश्मतजान, मनिजेला जाऊन चाळीस दिवस झाले, चाळिसाव्याचे पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नळ सोडला. तुम्ही खोलीतून ओरडलात, आत्ता कुठे डोळा लागला होता, या घरात मेल्याशिवाय झोप नाही का? तेव्हापासून नाही सोडला मी नळ.

हेश्मत : मी असं म्हणालो?

तूबा : झोपेत असाल. मी मनावर घेतलं नाही.

हेश्मत : मला आठवत नाही. आई, शपथेवर सांगतो, मला आठवत नाही.

मुराद : म्हणजे बघा गंमत. आवाज होऊ नये म्हणून आजी इथून पाणी काढतात, आजी पाणी काढतात म्हणून तुम्ही नवं भरता, तुम्ही भरता म्हणून तो बोंबलतो. मी तीस वर्षं बॉयलर करतोय, असं... असं... थांबा. आजी, कधीपासून म्हणालात? चाळिसाव्यापासून?

तूबा : दुसऱ्या दिवसापासून.

मुराद : हेश्मतआगा, मी शेवटचा कधी आलो होतो?

हेश्मत : चाळिसाव्याच्या आधी. गॅलरीतला पाइप गोठू नये म्हणून बोलावलं होतं.

मुराद : आणि आपण काय केलं?

हेश्मत : काय केलं?... पाणी गोठू नये म्हणून...

मुराद : तुम्ही गाडीतून डबा आणलात.

हेश्मत : कूलंट.

मुराद : अर्धा डबा उरलाय म्हणालात. फुकट कशाला जाऊ द्या, घाला यात. मी घातला. माझ्या या हातांनी घातला.

तूबा : काय घातलं?

मुराद : आजी, त्या पाण्याने फक्त हात-तोंड धुता ना? चूळ नाही ना भरत?

तूबा : भरते. तीनदा. तशीच रीत आहे.

हेश्मत : गिळत नव्हतात ना? आई, इकडे बघा. गिळलंत कधी?

तूबा : चूळ कोणी गिळतं का? काय झालंय तुम्हा दोघांना? तोंड असं पांढरं का पडलं?

मुराद : चव कशी होती?

तूबा : आधी आधी गोडसर लागायचं. मला वाटलं, म्हातारपणी जिभेचं काही खरं नसतं. मग तो गोडपणा गेला. थोडं तोंड आलं होतं, दह्याने बरं झालं.

हेश्मत : गोडसर.

मुराद : हेश्मतआगा, बसा आधी.

हेश्मत : डेपोत एका कुत्र्याने सांडलेलं चाटलं होतं. त्यालाही गोड लागलं असेल. दोन दिवस भिंतीला धडका देत होता, मग मेला.

मुराद : आता त्यातलं काही उरलं नसणार. रोज झारीभर काढलं, रोज नवं भरलं, सगळं धुऊन गेलंय. पण सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस... आजी, तुम्हाला रंग नाही दिसला? निळंकाळं पाणी होतं ते!

तूबा : दिवा लावत नव्हते मी. दाराच्या फटीतून उजेड जातो यांच्या खोलीत.

हेश्मत : दिवाही लावत नव्हत्या. उस्ताद, ऐकलंत? दिवासुद्धा नाही.

मुराद : डॉक्टरकडे न्या. आजच. रक्त तपासा, मूत्रपिंड तपासा. मीपण येतो हवं तर. माझीही चूक आहे. बॉयलरवर चिठ्ठी लावायला हवी होती, घरात म्हातारं माणूस आहे, विचारायला हवं होतं. पण रेडिएटरमधून वजू कोण करेल असं माझ्या बापाच्या स्वप्नातही आलं नसतं!

तूबा : उस्ताद, एक सांगा मला. ते औषध घातलं की पाणी पाणी राहतं का?

मुराद : म्हणजे?

तूबा : वजूला पाणीच लागतं. सरबत चालत नाही, गुलाबपाणी चालत नाही. ते जे होतं, त्याला तुम्ही पाणी म्हणाल का?

मुराद : आजी, हे मला विचारू नका. मी बॉयलरवाला. मशिदीतल्या मौलवी आगांना विचारा.

तूबा : आगांना नंतर विचारीन. पाण्याची ओळख तुम्हाला आहे. तुमच्यासमोर पेला भरून ठेवला असता तर काय म्हणाला असता?

मुराद : खरं सांगू?

तूबा : खोटं कशाला सांगाल?

मुराद : पहिल्या दिवसांत... पाणी नसतो म्हणालो.

तूबा : मग नाही झाल्या.

हेश्मत : काय नाही झाल्या?

तूबा : काही नाही. उस्ताद, तुमचं काम करा. आवाज बंद होईल ना?

मुराद : होईल. चुना काढायचं आम्ल आणि छोटा पंप गाडीत आहे, दोन तास फिरवतो आतून. पण ही किल्ली मी घेऊन जाणार. रागावू नका, आजी.

तूबा : घ्या. मला आता काय करायची?

(मुराद जिना उतरून जातो.)

हेश्मत : आई, शाल घ्या. वझिरींची गाडी मागतो, मिनिबस नको. काय नाही झाल्या?

तूबा : नमाजा.

हेश्मत : पहाटेच्या? त्या पुन्हा करता येतील. तुम्हाला ठाऊक नव्हतं. अल्लाला ठाऊक नाही का, की तुम्हाला ठाऊक नव्हतं?

तूबा : गुन्हा नाही लागत. पण पुन्हा कराव्या लागतात. आणि त्या नुसत्या माझ्या नव्हत्या. मी रोज पहाटे माझी करायचे आणि मग उजाडेपर्यंत तिच्या. मनिजेच्या.

हेश्मत : मनिजेच्या म्हणजे?

तूबा : ती तेहरानला दवाखान्यात होती त्या चार महिन्यांच्या. चुकलेल्या. गेलेल्या माणसाच्या राहून गेल्या तर मागे राहिलेल्याने करायच्या असतात. तिला मूल नाही. तुम्ही... तुम्हाला मी कशी सांगणार होते? तुम्ही तिला पुरून आल्यापासून मशिदीकडे तोंड केलं नाहीत. म्हणून म्हटलं, आपणच करू. एका दिवसाच्या एका दिवसात. नवव्या वर्षापासून माझ्या मुलीने एक नमाज चुकवली नव्हती, हेश्मत. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. ती तिथे अर्धवट राहू नये, एवढंच होतं माझं.

हेश्मत : दोन महिने तुम्ही अंधारात हे करत होतात.

तूबा : निम्म्यावर आले होते. ते कुठल्या दिवसापासून खरं पाणी झालं, कोण सांगणार? आता सगळं पहिल्यापासून. तिच्या चार महिन्यांच्या, वर माझ्या स्वतःच्या. आणि करजला नोसरतच्या बायकोची शिलाई मशीन असते माझ्या खोलीत. तिथे कुठे उभी राहू? किती दिवस उरलेत माझे?

हेश्मत : करजचं सोडा. नोसरतला फोन करतो, येऊ नको म्हणून.

तूबा : आणि आवाज नाही थांबला तर?

हेश्मत : तर दोघं जागत बसू. नळ सोडायचा तुम्ही. ऐकताय? पूर्ण सोडायचा. भप्प होऊ दे. मी उठेन, चहा ठेवीन. तसंही सातला जायचंच असतं.

तूबा : तुम्ही रागात बोलताय.

हेश्मत : मी रागात नाही. मी... आई, मी तुमच्या तोंडात विष घातलं आणि वर मीच तुम्हाला हाकलत होतो. मी कशात आहे ते मलाच कळत नाहीये. शाल घ्या. घ्या ना शाल.

तूबा : घेते. बटण लावून द्या, बोटं चालत नाहीत.

हेश्मत : चार महिने म्हणालात. चार महिने चुकल्या असं कोणी सांगितलं तुम्हाला?

तूबा : तुम्हीच. फोनवर. हात उचलत नाही, मान वळत नाही, ओठ हलत नाहीत, म्हणालात. अशा बाईची नमाज कशी होईल? शुद्धच नसेल.

हेश्मत : शुद्ध होती. सगळं कळत होतं तिला. फक्त डोळे हलायचे. त्याचाच तर त्रास व्हायचा तिला.

तूबा : कसला त्रास?

हेश्मत : डोळ्यांचा. पहाटे व्हायचा, मग दुपारी, मग संध्याकाळी. एकदा थोडा वेळ डोळे मिटायची. उघडायची. मग दोनदा मिटायची, जरा जास्त वेळ. मग पुन्हा तसंच. नर्स म्हणाली, दिव्याने होत असेल. म्हणून मी दिवा बंद करायला लागलो.

तूबा : काय म्हणालात?

हेश्मत : दिवा बंद करायचो.

तूबा : ते नाही. आधीचं. एकदा थोडा वेळ, आणि मग?

हेश्मत : मग दोनदा. जास्त वेळ.

तूबा : दोनदाच? नीट आठवा. तीनदा नाही? कधी एकदा, कधी चारदा, असं नाही?

हेश्मत : दोनदाच. मी ड्रायव्हर आहे आई, समोरच्याने दिवा कितीदा लुकलुकवला ते माझ्या ध्यानात राहतं. का?

तूबा : आणि पहाटे हे सगळं किती वेळा व्हायचं? पहिल्यापासून शेवटपर्यंत?

हेश्मत : पहाटे दोन वेळा. दुपारी लांबायचं. चार वेळा, मग थांबून पुन्हा चार वेळा. आई? आई, काय झालं? भिंत सोडू नका. इथे बसा. चक्कर येते का? उस्ताद! ओ उस्ताद!

तूबा : ओरडू नको. त्याला बोलावू नको. मला काही झालं नाही.

हेश्मत : मग भिंत का धरून उभ्या आहात?

तूबा : ज्याला उभं राहता येत नाही तो बसून करतो. बसता येत नाही तो पडून करतो. आणि ज्याचं काहीच हलत नाही, तो डोळ्यांनी करतो. वाकायच्या जागी पापणी एकदा मिटायची. कपाळ टेकायच्या जागी दोनदा, जरा जास्त वेळ. मीच शिकवलं होतं तिला. माझी आजी तशीच पडून होती, तिला दाखवून शिकवलं. आठ वर्षांची होती मनिजे. पहाटेच्या नमाजाला अशा दोन फेऱ्या. दुपारच्या चार आणि चार.

हेश्मत : नाही.

तूबा : एकही नाही चुकवली तिने.

हेश्मत : आई, मी तिच्या उशाशी बसून होतो. चार महिने. मी तिला म्हणायचो, मिट डोळे, झोप आता, किती त्रास करून घेशील. पापणीवर हात ठेवायचो मी तिच्या. ती मधेच असताना.

तूबा : तुला ठाऊक नव्हतं.

हेश्मत : हात ठेवायचो, आई.

तूबा : तिने रागावून पाहिलं का कधी तुझ्याकडे?

हेश्मत : नाही. हात काढला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

तूबा : लहानपणापासून तशीच. मोजणी चुकली की पहिल्यापासून. चल, ते डोळे पूस. उस्ताद येईल वर.

हेश्मत : मग या दोन महिन्यांच्या? इतक्या पहाटे उठून केल्यात. पाणी कसंही असो. तिला तर त्या नकोच होत्या.

तूबा : नकोच होत्या.

हेश्मत : मग माझ्या नावाने लावा. मी ती गेल्यापासून एकही केलेली नाही.

तूबा : ते फक्त गेलेल्या माणसासाठी चालतं, बाळा. तू अजून आहेस.